बास्केटबॉलच्या कमाईवर पोसले जाणारे इतर खेळ : अमेरिकी विद्यापीठांचे क्रीडा-अर्थकारण

अमेरिकेत मार्च महिना उजाडला की साऱ्या देशाचे लक्ष विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांकडे लागते. ‘मार्च मॅडनेस’ या नावाने ओळखली जाणारी ही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुमारे तीन आठवडे चालते. एक पराभव झाला की संघ बाद, असे तिचे स्वरूप आहे. मैदानावर उतरणारे सर्वजण विद्यार्थी असले, तरी या स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत अब्जावधी डॉलरमध्ये मोजली जाते. हा पैसा केवळ बास्केटबॉलवर खर्च होत नाही. जलतरण, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, नौकानयन, ॲथलेटिक्स अशा ज्या खेळांना तिकीटविक्रीतून किंवा दूरचित्रवाणीवरून फारसे उत्पन्न मिळत नाही, त्यांच्या खर्चाचा मोठा भाग बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन खेळांच्या कमाईतून भागविला जातो.

अनेक दशके चालत आलेली ही व्यवस्था एका गृहीतावर उभी होती. पैसा मिळवून देणाऱ्या विद्यार्थी खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काहीही द्यायचे नाही, हे ते गृहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीने ते मोडीत काढले. कमावणाऱ्या खेळाडूला त्याचा वाटा दिल्यानंतर न कमावणाऱ्या खेळांसाठी किती उरणार, हा प्रश्न आता तेथील प्रत्येक मोठ्या विद्यापीठापुढे आहे. या व्यवस्थेची घडण आणि तिच्यापुढील पेच समजून घेण्याचा हा प्रयत्न.

बास्केटबॉललाच एवढे महत्त्व का?

विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ अर्थात एनसीएए ही संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली. अमेरिकी विद्यापीठांत सर्वाधिक कमाई करणारा खेळ वास्तविक अमेरिकन फुटबॉल आहे. तथापि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळाने दाखल केलेल्या खटल्यात निर्णय देताना फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावरील एनसीएएचे नियंत्रण रद्द केले. तेव्हापासून फुटबॉलचे प्रक्षेपण करार विद्यापीठे आणि त्यांचे गट स्वतंत्रपणे करतात. त्यातून मिळणारी रक्कम एनसीएएच्या तिजोरीत येत नाही.

पुरुषांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा मात्र एनसीएएच्याच मालकीची राहिली. केवळ आठ संघांनिशी १९३९ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेतील संघांची संख्या २०११ मध्ये ६८ झाली. सीबीएस आणि टर्नर या प्रसारण कंपन्यांनी २०१० मध्ये चौदा वर्षांच्या हक्कांसाठी १० अब्ज ८० कोटी डॉलरचा करार केला. पुढे २०१६ मध्ये आणखी ८ अब्ज ८० कोटी डॉलर मोजून या कराराची मुदत २०३२ पर्यंत वाढविण्यात आली. एनसीएएचे वार्षिक उत्पन्न अलीकडच्या काळात एक अब्ज डॉलरच्या वर गेले असून, त्यातील सर्वांत मोठा वाटा या एकाच स्पर्धेचा आहे.

हे अवलंबित्व किती खोल आहे, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. कोरोना साथीमुळे त्या वर्षीची स्पर्धा १२ मार्च रोजी रद्द करण्यात आली. एनसीएए आपल्या पहिल्या विभागातील सदस्यांना त्या वर्षी ६० कोटी डॉलर वाटणार होती. प्रत्यक्षात २२ कोटी ५० लाख डॉलरच वाटता आले. अनेक विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांना त्याची झळ पोहोचली. टेनिस किंवा जलतरण संघाचा बास्केटबॉलशी मैदानावर काहीही संबंध नसला, तरी हिशेबाच्या वहीत तो किती जवळचा आहे, हे त्या वर्षी स्पष्ट झाले.

रक्कम विद्यापीठापर्यंत कशी पोहोचते?

स्पर्धेतील कमाईच्या वाटपाची पद्धत काहीशी गुंतागुंतीची आहे. तिचे एकक ‘युनिट’ या नावाने ओळखले जाते. स्पर्धेत प्रवेश मिळविणाऱ्या संघाला एक युनिट मिळते आणि पुढे प्रत्येक विजयागणिक त्यात सामान्यतः एकेका युनिटची भर पडते. एका युनिटची रक्कम एकदम मिळत नाही. ती सहा वर्षांत हप्त्याहप्त्याने दिली जाते आणि अलीकडच्या वर्षांत तिची बेरीज सुमारे २० लाख डॉलर होते.

ही रक्कम थेट विद्यापीठाला न देता ते ज्या ‘कॉन्फरन्स’चे, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचे, सदस्य असते त्या गटाला दिली जाते. गट आपल्या नियमांनुसार ती सदस्यांत वाटतो. त्यामुळे एका विद्यापीठाच्या यशाचा लाभ शेजारच्या विद्यापीठांनाही होतो.

न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथील सेंट पीटर्स विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे लहानसे विद्यापीठ २०२२ मध्ये आपल्या विभागात सोळापैकी पंधरावे मानांकन घेऊन स्पर्धेत उतरले आणि लागोपाठ तीन सामने जिंकून अखेरच्या आठ संघांत पोहोचले. पंधरावे मानांकन असलेल्या संघाने तेथवर मजल मारण्याची ही पहिलीच वेळ होती. पहिल्याच सामन्यात हरला असता, तर या संघाला एक युनिट मिळाले असते. तीन विजयांमुळे त्याच्या खात्यावर चार युनिटे जमा झाली. म्हणजेच त्याच्या गटाला सहा वर्षांत मिळणाऱ्या रकमेत सुमारे ६० लाख डॉलरची भर पडली.

युनिटांखेरीज एनसीएएचे आणखी काही निधी आहेत आणि इतर खेळांच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहेत. पहिल्या विभागातील विद्यापीठाने किमान चौदा खेळांचे संघ राखले पाहिजेत, असा नियम आहे; फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत खेळणाऱ्यांसाठी ही संख्या सोळा आहे. एका निधीतून चौदाव्या खेळापासून पुढे जितके खेळ चालविले जातील, त्या प्रमाणात रक्कम दिली जाते. दुसऱ्या एका निधीचे वाटप विद्यापीठ किती क्रीडा शिष्यवृत्त्या देते, यावर अवलंबून असते. बास्केटबॉलमधून आलेला पैसा अशा रीतीने अधिक खेळ आणि अधिक शिष्यवृत्त्या राखणाऱ्या विद्यापीठांकडे वळविला जातो.

एनसीएएच्या उत्पन्नातील ४.३७ टक्के रक्कम दुसऱ्या विभागासाठी आणि ३.१८ टक्के तिसऱ्या विभागासाठी राखून ठेवलेली असते. तिसऱ्या विभागातील महाविद्यालये क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. तलवारबाजी, नौकानयन, कुस्ती यांसह निरनिराळ्या खेळांच्या सुमारे नव्वद राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा ही संघटना भरविते. त्यांपैकी बहुतेक स्पर्धा स्वतःचा खर्च भरून काढू शकत नाहीत. त्यांतील खेळाडूंचा प्रवास आणि निवास यांचा भारही प्रामुख्याने बास्केटबॉलच उचलतो.

विद्यापीठाच्या आतील हिशेब

राष्ट्रीय स्पर्धेतून येणारा पैसा हा एकूण कमाईचा एक भाग झाला. हंगामभर होणाऱ्या सामन्यांची तिकिटे, गटाने केलेले प्रक्षेपण करार, क्रीडासाहित्य कंपन्यांचे प्रायोजकत्व, विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेल्या कपड्यांची विक्री आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, असे उत्पन्नाचे इतर मार्ग आहेत. त्यांत देणग्यांचे स्थान विशेष आहे. नामांकित संघांच्या सामन्यांत चांगल्या जागेचे तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळविण्यासाठी आधी क्रीडा विभागाला देणगी द्यावी लागते. अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी प्राप्तिकरात सवलत मिळत असे. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने ती काढून घेतली.

क्रीडा विभागाचे अंदाजपत्रक एकच असते. सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न त्यात जमा होते आणि त्यातूनच सर्व संघांचे प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या, प्रवास, वैद्यकीय सेवा आणि मैदाने यांवर खर्च होतो. बास्केटबॉलची बाजू येथे विशेष भक्कम ठरते, कारण त्याचा संघ लहान असतो. पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला २०२५ पर्यंत जास्तीत जास्त १३ शिष्यवृत्त्या देता येत; फुटबॉल संघासाठी हीच मर्यादा ८५ होती. खेळाडू कमी आणि घरच्या मैदानावरील सामने अधिक, असे हे गणित आहे.

फुटबॉलवाचूनही हे गणित जमू शकते, हे वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरातल्या गोंझागा विद्यापीठाने दाखवून दिले. या विद्यापीठाने १९४१ नंतर आपला फुटबॉल संघ बंद केला. एकेकाळी फारसा परिचित नसलेला त्याचा बास्केटबॉल संघ १९९९ पासून राष्ट्रीय स्पर्धेत सातत्याने खेळू लागला आणि २०१७ व २०२१ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. सुमारे सहा हजार प्रेक्षकांची सोय असलेले नवे क्रीडागृह २००४ मध्ये उभे राहिले आणि विद्यापीठाचे नाव देशभर पोहोचले.

महिलांच्या खेळांना लाभलेला आधार

अमेरिकी काँग्रेसने १९७२ मध्ये संमत केलेल्या शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ या तरतुदीनुसार केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करता येत नाही. क्रीडाक्षेत्रालाही ही तरतूद लागू असल्याने महिलांना खेळण्याची संधी आणि शिष्यवृत्त्या योग्य प्रमाणात देणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले. फुटबॉलच्या एकाच संघात शंभराच्या आसपास पुरुष असतात. त्यांच्या तुलनेत महिलांची संख्या राखण्यासाठी अनेक विद्यापीठांनी महिलांचे नौकानयन, फुटबॉल (सॉकर) आणि इतर खेळांचे संघ उभे केले. हे संघ स्थापन झाले कायद्यामुळे, पण ते चालले ते बहुतांशी पुरुषांच्या दोन कमावत्या खेळांच्या उत्पन्नावर.

महिला बास्केटबॉल मात्र आता केवळ आश्रित राहिलेला नाही. साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातील २०२४ चा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. महिलांच्या अंतिम सामन्याची प्रेक्षकसंख्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक असण्याची ही पहिलीच वेळ होती. तरीही महिलांच्या स्पर्धेतील विजयाबद्दल तोवर विद्यापीठाला एक डॉलरही मिळत नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएच्या सदस्यांनी महिलांच्या स्पर्धेलाही युनिट पद्धती लागू करण्यास मंजुरी दिली. पहिल्या वर्षासाठी दीड कोटी डॉलर निश्चित झाले असून, २०२८ पर्यंत ही रक्कम अडीच कोटींवर नेण्याचे ठरले आहे.

भारतीय खेळाडूंशी असलेला संबंध

अमेरिकेतील विद्यापीठांच्या अंदाजपत्रकाचा भारतीय क्रीडाक्षेत्राशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतासाठी पदके जिंकणाऱ्या काही खेळाडूंची जडणघडण याच व्यवस्थेत झाली आहे. थाळीफेकपटू विकास गौडा यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळताना २००६ मध्ये एनसीएएचे अजिंक्यपद मिळविले आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला सुवर्णपदक जिंकून दिले. टेनिसपटू सोमदेव देववर्मन २००७ आणि २००८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाकडून एकेरीचे विजेते ठरले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदके मिळविली. उंच उडीतील तेजस्विन शंकर यांनी कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ मध्ये विजेतेपद पटकावले आणि २०२२ च्याच बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. हांगझू येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाकडून खेळल्या होत्या.

यांपैकी एकही जण बास्केटबॉलपटू नाही. थाळीफेक, उंच उडी किंवा विद्यापीठीय टेनिस पाहण्यासाठी हजारोंनी तिकिटे विकली जात नाहीत. तरीही या खेळांना उत्तम मैदाने, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या मिळतात, त्या मुख्यतः कमावत्या खेळांच्या जोरावर. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिक स्पर्धेत सहभागी झालेल्या अमेरिकी खेळाडूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश खेळाडू कधी ना कधी विद्यापीठीय स्पर्धांत खेळलेले होते. त्याच स्पर्धेत महिलांची शंभर मीटर शर्यत जिंकणाऱ्या सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेड या टेक्सास विद्यापीठाच्या विद्यार्थिनी होत्या. अनेक देशांत जे काम सरकारी क्रीडा प्रबोधिन्या करतात, ते अमेरिकेत विद्यापीठे करतात.

जिंकूनही तूट

बास्केटबॉल सर्व खेळांचा खर्च सहज पेलतो, असा समज मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. एनसीएएच्या सुमारे १,१०० सदस्य संस्थांपैकी २०१९ मध्ये केवळ २५ संस्थांच्या क्रीडा विभागांचे उत्पन्न खर्चापेक्षा अधिक होते. उरलेल्यांची तूट विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून किंवा सर्व विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून भरून काढली जाते.

कनेटिकट विद्यापीठाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्याच्या पुरुष संघाने १९९९ ते २०२४ या काळात सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. महिला संघाच्या नावावर २०२५ पर्यंत बारा अजिंक्यपदे जमा झाली. एवढे यश असूनही या विद्यापीठाचा क्रीडा विभाग तुटीत राहिला. जून २०२० मध्ये विद्यापीठाने पुरुषांचे जलतरण, टेनिस आणि क्रॉस कंट्री तसेच महिलांचे नौकानयन हे चार संघ बंद करण्याचे जाहीर केले. नौकानयनातील महिला खेळाडूंनी ‘टायटल नाइन’चा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली आणि २०२१ मध्ये विद्यापीठाला तो संघ कायम ठेवावा लागला. पुरुषांच्या संघांना असा आधार मिळाला नाही.

संपन्न मानल्या जाणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठानेही जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली होती. माजी खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर मे २०२१ मध्ये तिला तो निर्णय मागे घ्यावा लागला. काटकसरीची वेळ आली की प्रथम कोणावर गदा येते, हे दोन्ही प्रसंगांत दिसून आले.

कमाई कोणाची, वाटा कोणाचा?

या व्यवस्थेवरील सर्वांत गंभीर आक्षेप खुद्द बास्केटबॉल आणि फुटबॉल खेळाडूंचा आहे. या दोन खेळांत कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण मोठे असून, त्यांतील अनेकजण अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांतून आलेले असतात. त्यांच्या श्रमांतून ज्या खेळांचा खर्च भागतो, त्यांतील खेळाडू तुलनेने सुस्थितीतील घरांतले असतात. अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, या दोन खेळांच्या उत्पन्नातील सात टक्क्यांहून कमी रक्कम शिष्यवृत्ती आणि भत्त्यांच्या रूपाने खेळाडूंपर्यंत पोहोचत होती. व्यावसायिक संघांतील खेळाडूंना सुमारे निम्मे उत्पन्न मिळते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संघाला १९९५ मध्ये अजिंक्यपद मिळवून देणारे एड ओबॅनन यांनी २००९ मध्ये या प्रश्नावर दावा दाखल केला. आपल्यासारखाच खेळाडू एका व्हिडिओ गेममध्ये वापरण्यात आला असून आपल्याला त्याबद्दल काहीही मोबदला मिळालेला नाही, असे त्यांना आढळले होते. न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि छायाचित्राच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची मुभा मिळाली.

शेवटचा टप्पा ‘हाऊस’ खटल्याने गाठला. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे जलतरणपटू ग्रँट हाऊस यांच्या नावाने तो ओळखला जातो. न्यायाधीश विल्किन यांनीच ६ जून २०२५ रोजी या खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली. तिच्यानुसार माजी आणि विद्यमान खेळाडूंना दहा वर्षांत २ अब्ज ८० कोटी डॉलर भरपाई द्यायची असून, विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. त्यासाठी २०२५-२६ या वर्षाकरिता प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरची कमाल मर्यादा घालून देण्यात आली. भरपाईचा मोठा भाग एनसीएएकडून विद्यापीठांना होणाऱ्या वाटपात कपात करून उभा केला जाणार आहे. म्हणजे बास्केटबॉलच्या केंद्रीय निधीतून येणारी रक्कम घटणार आणि त्याच वेळी खर्च वाढणार, अशी दुहेरी ओढाताण आहे.

पुढील वाटचाल

भरपाईच्या वाटपात सुमारे ७५ टक्के रक्कम फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेली ५ टक्के इतर सर्व खेळांना, असे साधारण प्रमाण ठरविण्यात आले. अनेक विद्यापीठांनी नव्या मोबदल्यासाठीही त्याच्याशी मिळतेजुळते प्रमाण स्वीकारले. भरपाईचे हे वाटप ‘टायटल नाइन’शी विसंगत असल्याचे सांगून आठ महिला खेळाडूंनी जून २०२५ मध्येच अपील दाखल केले. तडजोडीनुसार शिष्यवृत्त्यांवरील मर्यादा हटविण्यात आली. तिच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. शिष्यवृत्ती नसतानाही केवळ आवडीपोटी जलतरण किंवा ॲथलेटिक्सच्या संघात राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर तिचा परिणाम होण्याची चिन्हे दिसताच न्यायालयाने आधीपासूनच्या खेळाडूंना संरक्षण देणारी दुरुस्ती करवून घेतली.

शासनानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २४ जुलै २०२५ रोजी एक आदेश काढला. २०२४-२५ मध्ये ज्यांच्या क्रीडा विभागाचे उत्पन्न साडेबारा कोटी डॉलरहून अधिक होते, अशा विद्यापीठांनी उत्पन्न न देणाऱ्या खेळांतील शिष्यवृत्तीच्या संधी वाढवाव्यात, असे धोरण त्यात मांडण्यात आले. पैसा कोठून आणायचा, हे मात्र विद्यापीठांनाच ठरवावे लागणार आहे.

बास्केटबॉलपटूला त्याच्या कमाईचा वाटा मिळणे न्याय्य आहे, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. त्याचबरोबर एका लोकप्रिय खेळाच्या बळावर वीस-पंचवीस खेळ जगविणाऱ्या या व्यवस्थेने जगाला असंख्य ऑलिंपिकपटू दिले, हेही नाकारता येत नाही. आजवर या दोन गोष्टींचा मेळ बसला, तो पहिलीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. यापुढे नौकानयनाची होडी, कुस्तीचा आखाडा आणि टेनिसचे मैदान यांसाठी विद्यापीठांना देणगीदार, विद्यार्थी शुल्क किंवा शिक्षणाच्या सर्वसाधारण निधीकडे पाहावे लागेल. कोणते विद्यापीठ यांपैकी कोणता मार्ग निवडते, त्यावर तेथील लहान खेळांचे आणि अमेरिकेत शिकून आपल्या देशासाठी खेळू पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे भवितव्य अवलंबून राहील.